घरात सगळ्यांना हरवतो पण ऑनलाइन एकही मॅच निघत नाही, टेक्केनवाले जरा सांगा

एडीवाला_मालवण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांबेल.

मी मालवणकडचा, मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. लहानपणी मामाकडे प्लेस्टेशन वन होतं आणि त्यावर टेक्केन ३ हा मारामारीचा गेम, दुसरी सीडीच नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षं तेच. गणपतीत चाकरमानी भाऊ आले की आरत्या झाल्या, भजनवाले चहा-उसळ घेऊन पुढच्या घरी गेले की पडवीत टीव्ही ओढायचा आणि हरेल तो उठेल या नियमाने पहाटेपर्यंत खेळायचं. माझा फायटर एडी गोर्डो. फुली आणि गोल, फुली आणि गोल, मध्येच खाली दाबून परत तेच, समोरचा उठायच्या आत त्याला पुन्हा पाडायचा. आजी म्हणायची त्या बटणांका कित्याक झोडपतंस रे, पण घरात मला आजपर्यंत कोणी सलग दोनदा हरवलेलं नाही.

या शिमग्याच्या आसपास सेकंडहँड पीएस फोर घेतला, त्यावर टेक्केन ७ घेतलं, एडी त्यातही आहे म्हटल्यावर खूश झालो आणि थेट ऑनलाइन गेलो. एकतीस मॅच खेळलो, दोन जिंकलो, त्यातली एक समोरच्याचं नेट गेलं म्हणून. मी किक मारतो, तो शांत उभा राहून अडवतो, मग एकच ठोसा मारतो, मी हवेत आणि खाली येईपर्यंत अर्धी लाईफ गेलेली. रात्री झोप लागत नाही हो, डोळ्यासमोर तेच फिरतं. वीस वर्षं खेळतोय म्हणजे मला खेळ येतो असं मी धरून चाललो होतो.

चूक माझी, एडीची, पॅडची की नेटची? वायफाय राऊटर माजघरात आहे आणि मी खेळतो पडवीत. आणि दुसरं म्हणजे वाडीतल्या मंडळाच्या पोरांनी या गणपतीत फायटिंग गेमची स्पर्धा ठेवूया म्हणून माझ्यामागे लकडा लावलाय. कुठला गेम ठेवू, कशी घेऊ? मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो एडी म्हणजे चीटिंग, त्याला बंदी घाल. ते मला पटत नाही, पण मला सगळ्यांना न्याय द्यायचाय.

---

केओएफचा_काका (चिपळूण)

अरे एकतीस मॅच हरूनही तू विचारायला आलास, म्हणजे तुझं होणार.

माझं वय आता पंचेचाळीस, आमचं शिक्षण झालं ते एसटी स्टँडच्या मागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. चार मशीन होती, एकावर मुस्तफा, म्हणजे तो डायनासोर आणि कॅडिलॅकवाला, आणि दोनांवर किंग ऑफ फायटर्स ९७. स्टिकचा गोळा निघून गेलेला असायचा, नुसती लोखंडी दांडी, तळहाताला घट्टे पडायचे. कॉइन टाकून पाळी राखायची, काचेच्या कडेला कॉइन ओळीने मांडलेले असायचे आणि आपला कॉइन कितवा यावर डोळा ठेवून उभं राहायचं. केओएफमध्ये तीन-तीन जणांची टीम, त्यामुळे आधी कोण आणि शेवटाला कोण हेच अर्धं डोकं. सगळे इओरी घ्यायचे, खालून पुढे आणि पंच केला की जमिनीवरून जांभळी आग जायची, आम्हाला त्या मूव्हचं जपानी नाव कधी कळलंच नाही, आम्ही त्याला सरपट म्हणायचो.

तिथे खेर्डीकडून एक मुलगा यायचा, शांत, बारीक. तो काहीच करायचा नाही. नुसता मागे खाली दाबून बसून राहायचा. आपण उडी मारली की खालून एक पंच. आपण आग सोडली की ब्लॉक. आपण कंटाळून जवळ गेलो की धरून आपटायचा. आम्ही त्याला रडका म्हणायचो, खेळायला येत नाही नुसता बसतो म्हणायचो, आणि तो एका कॉइनवर दीड-दीड तास मशीन सोडायचा नाही. मला कळायला दोन वर्षं लागली की तो बसलेला नव्हता, तो आमच्याकडे बघत होता. कोण घाबरला की उडी मारतो, कोण मार खाल्ला की लगेच परत किक मारतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं.

तुम्ही मालवणवाले नारळी पौर्णिमेला नारळ लढवता ना, त्यात कसा नुसता जोर चालत नाही, समोरच्याचा नारळ कुठून पातळ आहे आणि आपला कसा धरायचा हे बघणारा जिंकतो, तसंच आहे हे. तुझ्या घरात एडी जिंकतो कारण तुझे भाऊ ब्लॉकच करत नाहीत. ते पण मारतायत, तू पण मारतोयस, एडीच्या किका लांब आणि भराभर, मग तूच जिंकणार.

माझं ऐक, पुढच्या दहा मॅच किक मारायचीच नाही. फक्त अडवायचं. उभ्याने अडव, खालची किक आली की तिरकं मागे-खाली दाबून अडव, धरायला आला की बटण दाबून सोडव. दहाच्या दहा हरशील. हरू दे. पण अकराव्या मॅचला तुला समोरचा माणूस दिसायला लागेल.

(२००५ च्या पुरात ते पार्लर गेलं ते परत उघडलंच नाही. आणि २०२१ च्या जुलैत माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यात माझा पीएस टू आणि दोन मेमरी कार्डं गेली. कार्ड गाळातून धुवून, उन्हात वाळवून, भावाच्या मशीनला लावून बघितलं. नाही चाललं. अजून कपाटात ठेवलंय.)

---

साठ_फ्रेम (मूळ कुडाळ, सध्या पुणे)

काकांनी मुळातलं सांगितलं, मी त्याला आकडे जोडतो.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. प्रत्येक ठोशाचे तीन भाग. बाहेर पडेपर्यंतचा वेळ, लागू शकतो तो वेळ, आणि हात परत जागेवर येईपर्यंतचा वेळ. टेक्केनमध्ये साधा जॅब, म्हणजे सरळ छोटा ठोसा, दहा फ्रेमचा. दहा फ्रेम म्हणजे १६७ मिलिसेकंद, आणि माणसाच्या डोळ्याने बघून हाताने बटण दाबायलाच दोनशे-अडीचशे लागतात. म्हणजे जॅब बघून अडवणं माणसाच्या हातात नाहीच, तो येणार हे आधी ओळखावं लागतं. उलट पंचवीस फ्रेमच्या पुढची सावकाश लो, म्हणजे पायावरची, किक असते ती सराव केला की दिसते, हात आपोआप खाली जातो.

आता तुझा प्रश्न, किक अडवली की तो मला का मारू शकतो? कारण तुझी किक अडवल्यावर तुझा पाय परत यायला वेळ लागतो आणि तो तुझ्याआधी मोकळा होतो. फ्रेम डेटात, म्हणजे ह्या वेळांच्या तक्त्यात, किकला मायनस दहा लिहिलेलं असेल तर तो दहा फ्रेम आधी मोकळा, म्हणजे त्याचा जॅब तुला लागणारच, तू काहीही दाब. मायनस पंधरा असेल तर पंधरा फ्रेमचा उडवणारा ठोसा लागणार, आणि तेच तुझं अर्धी लाईफ जाणं. यालाच पनिश म्हणतात. तो जादू करत नाहीये, त्याने तुझी किक पाठ केलीय.

म्हणून तू एवढंच कर. ट्रेनिंग मोडमध्ये जा, एडी समोर ठेव, तू दुसरा कोणी घे. तुझी जी सर्वात लाडकी किक आहे ती त्याला रेकॉर्ड करून परत-परत मारायला लाव आणि तू अडवून बघ की नंतर तुला काय काय मारता येतं. आपल्याच एडीचा मार आपण खायचा. एका संध्याकाळी कळेल की कुठली किक समोरच्याला फुकट आहे. आणि एडी हातावर उलटा उभा असतो तेव्हा तो स्वतः ब्लॉक करू शकत नाही हे लक्षात ठेव, तू तिथे नको इतका वेळ थांबत असणार, फुली-गोल दाबणारा प्रत्येक जण थांबतो.

चीटिंगबद्दल, एडी चीटिंग नाही. कंपनीने २०२४ मध्ये टेक्केन ८ मध्ये पहिला जादा कॅरेक्टर म्हणून त्यालाच आणलं. बंदी घालू नकोस, भावाला ब्लॉक शिकव.

---

एडीवाला_मालवण

काका आणि साठ फ्रेम, दोघांचे मनापासून आभार, काल रात्रीच रेकॉर्ड करून बघितलं आणि अक्षरशः हात थंड पडले. माझी जी हुकमी लो किक आहे, जिच्यावर मी वीस वर्षं घरात राज्य केलं, ती अडवली की मी इतका वेळ उघडा असतो की समोरच्याला चहा घेऊन येता येईल. हे मला कधी कोणी सांगितलंच नाही, सांगणार कोण, कोणाला माहीतच नव्हतं.

नेटचं मात्र सांगा कोणीतरी. मॅच मध्येच पाण्याखाली गेल्यासारखी होते.

---

साठ_फ्रेम

वायफाय बंद, केबल ओढ. माजघरातून पडवीत वीस मीटर लॅन केबल लागेल, वाशांवरून नेलीस तर दिसणारही नाही. आपल्याकडे चिऱ्याच्या जाड भिंती, त्यातून वायफाय जातं पण तुटक-तुटक जातं, आणि फायटिंग गेमला स्पीड लागत नाही, सारखेपणा लागतो. पिंग म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, तो सारखा पन्नास असेल तर खेळता येतं, तीस-नव्वद-तीस-नव्वद असेल तर नाही.

पाण्याखाली का वाटतं तेही सांगतो. जुन्या पद्धतीत गेम समोरच्याचं बटण येईपर्यंत थांबतो, नेट अडखळलं की दोघांचाही गेम अडखळतो. दुसरी पद्धत रोलबॅक. ती आपल्या भजनातल्या पखवाजवाल्यासारखी आहे, बुवा पुढे काय घेणार याचा अंदाज धरून तो ठेका चालूच ठेवतो, आणि बुवाने वेगळंच घेतलं तर थाप सावरून समेवर येतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. गेम तसंच करतो, समोरचा आधीच्याच बटणावर आहे असं धरून पुढे जातो, अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. टोनी कॅनन नावाच्या माणसाने, जो इव्हो ही फायटिंग गेमची मोठी जागतिक स्पर्धा सुरू करणाऱ्यांपैकीच एक, त्याने जीजीपीओ म्हणून हे बनवलं आणि २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फाईटकेड म्हणून जुने गेम ऑनलाइन खेळायची जागा आहे, ती त्याच पद्धतीवर चालते, तिथे आजही लोक जुने केओएफ आणि स्ट्रीट फायटर खेळतात. काका तुम्ही आहात का तिथे? नसाल तर या, मी ९८ खेळतो, तुमचा इओरी बघायचाय.

---

केओएफचा_काका

मुलगी दहावीला आहे, परीक्षा झाली की लॅपटॉप माझा. येतो.

---

बटणवाला_सुतार (सावंतवाडी)

पॅडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पीएस फोरचा पॅड आपल्या हवेत टिकत नाही. खारं वारं आणि पावसाळ्यातला दमटपणा, आतल्या रबराखालचे संपर्क हिरवे पडतात, तू रिपेरिंगवाला आहेस तुला मी काय सांगणार. मी गेली तीन वर्षं स्वतः बनवलेल्या बटणाच्या पेटीवर खेळतो. स्टिक नाही, चारही दिशांना बटणं, लिव्हरलेस म्हणतात त्याला. आत रास्पबेरी पाय पिको, ते बोर्ड काही शे रुपयांत येतं, त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं फुकट फर्मवेअर टाकायचं, प्रत्येक बटणाची एक वायर पिनला आणि एक ग्राउंडला, एवढंच. सोल्डर तू झोपेत मारशील.

पेटीसाठी मी आधी प्लायवूड वापरलं, पहिल्याच पावसात फुगलं. मग आमच्याकडे लाकडी खेळणी बनवणाऱ्या एका काकांकडे गेलो, ते हसले नाहीत, त्यांनी बटण हातात घेतलं, उलटसुलट केलं, किती वेळा दाबतोस म्हणाले, मी म्हटलं दिवसाला हजारो वेळा, तर म्हणाले मग मनगट जिथे टेकतं तिथली कड मारायला हवी. त्यांनी फणसाच्या फळीला वीस अंशांचा उतार दिला, कड गोल केली, आणि वर आमच्या पद्धतीचं लाल-पिवळं लाखकाम. २४ मिलिमीटरची बारा भोकं आणि उडीसाठी अंगठ्याखाली एक ३० ची. दोन पावसाळे झाले, फळी हलली नाही. मनगट दुखायचं ते बंद झालं, हे सर्वात मोठं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो नाहीतर मला शिव्या घालशील. पीएस फोरवर हे नुसतं जोडलं तर साधारण आठ मिनिटांनी सुटतं, मशीन त्याला खरा पॅड मानत नाही, त्यामुळे आधी पीसीवर वापरून बघ. आणि डावं-उजवं एकदम दाबलं तर दोन्ही रद्द व्हायला हवं अशी सेटिंग ठेव, स्पर्धांमध्ये त्यावरून भांडणं होतात.

पण पेटीने तू जिंकशील असं नाही. हात दुखत असेल तरच बनव.

---

मोबाईल_नको

पोरं शॅडो फाईट खेळतात ते फायटिंग गेमच नाही, मोबाईलवर काच घासणं म्हणजे फायटिंग नव्हे. स्पर्धेत त्यांना घेऊ नका, नुसता गोंधळ होईल.

---

संकासुर_ताई (गुहागर)

मोबाईल नको, तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. शॅडो फाईटमध्ये अंतर राखायचं, वाट बघायची, समोरचा चुकला की मारायचं, हे सगळं आहे. माझा भाचा तोच खेळून आला आणि स्ट्रीट फायटर ६ मध्ये पहिल्या दिवसापासून अंतर बरोबर धरत होता. त्या गेममध्ये मॉडर्न कंट्रोल आहेत, एका बटणावर हदोकेन, म्हणजे हातातून सोडायचा गोळा, निघतं, म्हणजे नवीन मुलांचे सहा महिने बोटं वळवण्यात जात नाहीत. मुलं जिथून येतात तिथून येऊ द्या ना.

मी स्वतः आले ती सायबर कॅफेतल्या लिटिल फायटर २ वरून, एका कीबोर्डवर आम्ही चौघी मैत्रिणी, एकीची कोपरं दुसरीच्या बरगडीत. तिथून मुगेन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुगेन हे १९९९ मध्ये एलेकबाईट नावाच्या गटाने सोडलेलं इंजिन आहे, त्यात तुम्ही तुमचा फायटर स्वतः बनवून घालू शकता. जगभरच्या लोकांनी हजारो बनवलेत, कोणी गोकू, कोणी र्‍यू, कोणी स्वतःच्या डोक्यातला. आता त्याच धर्तीवर इकेमेन गो म्हणून खुलं इंजिन आहे, त्यात ऑनलाइनही खेळता येतं.

मी त्यात आमच्या शिमग्याच्या खेळ्यांमधला संकासुर बनवतेय. चार वर्षं झाली. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरू. एक-एक चित्र हाताने, आतापर्यंत दोनशे चाळीस चित्रं झालीत. चालणं सर्वात कठीण गेलं, कारण संकासुर चालत नाही, तो ठुमकतो, आणि ठुमका घातला की अंतर पुढेमागे होतं, मग मारामारीत तो नीट उभाच राहीना. शेवटी आमच्या वाडीत जे संकासुर होतात त्यांना अंगणात मोबाईलवर शूट केलं, एकाच ठुमक्याचे मी बारा तुकडे केले आणि प्रत्येकाला किती टिक, म्हणजे किती क्षण, द्यायचे ते बसवलं, तेव्हा कुठे तो जिवंत झाला. प्रत्येक चित्रावर दोन प्रकारच्या चौकटी काढाव्या लागतात, लाल म्हणजे जिथे तो मारतो, निळी म्हणजे जिथे त्याला लागतं. एडीवाले दादा, तुम्ही एकदा ह्या चौकटी उघडून बघा. तुम्हाला कळेल की तुमची किक दिसते केवढी आणि प्रत्यक्षात पोचते कुठवर. मला फ्रेम डेटा त्या चौकटींनी शिकवला, आकड्यांच्या तक्त्याने नाही.

अजून त्याची सुपर मूव्ह, म्हणजे सगळ्यात मोठा मार, राहिलीय. घुंगरांचा आवाज खऱ्या खेळ्यांत रेकॉर्ड करायचाय, मागच्या शिमग्यात रेकॉर्ड केला त्यात ढोल इतका होता की घुंगरू ऐकूच येईना.

---

मांडवातला_पंच (देवगड)

स्पर्धेचं मी सांगतो, आम्ही तीन वर्षं घेतोय, वाडीपुरतीच.

गेम टेक्केन ठेव, कारण बघणाऱ्याला कळतं. आजोबांनाही कळतं कोण कोणाला मारतोय आणि कोणाची पट्टी संपत आली. कुठलं टेक्केन? तुझ्याकडे आहे ते ७ चालेल, पण तुझ्या वाडीतले जुने लोक ३ वर मोठे झालेत तर दुपारी ३ ची मजेची फेरी ठेव आणि खरी स्पर्धा ७ वर. आमच्याकडे त्या मजेच्या फेरीला एक बासष्ट वर्षांच्या काकू आल्या, किंग हा कुस्तीवाला फायटर घेतला आणि तिघांना धरून आपटलं, मुलाला खेळवता-खेळवता शिकल्या होत्या म्हणे.

एकदा हरला की बाहेर असं करू नकोस. पोरगा मुंबईहून दहा तास गाडीत बसून येतो आणि चार मिनिटांत बाहेर. डबल एलिमिनेशन ठेव, दोनदा हरला की बाहेर. पण हिशेब आधी कर. सोळा जण असतील तर डबलमध्ये तीस किंवा एकतीस सामने होतात, एका सामन्याला खुर्ची बदलण्यासकट सात मिनिटं धर, म्हणजे एका टीव्हीवर साडेतीन तास किंवा थोडं वर. जेवण झाल्यावर दोनला सुरू केलंस तर संध्याकाळच्या आरतीला अडकशील. आम्ही पहिल्या वर्षी अडकलो, फायनल अर्धी टाकून आरतीला उभे राहिलो आणि परत आलो तोपर्यंत दोघांचेही हात गार झालेले. दोन टीव्ही दोन मशीन मिळव. गौरीचा दिवस टाळ, त्या दिवशी घरातून कोणी सुटत नाही.

टीव्ही गेम मोडवर टाक, हे विसरू नकोस. मोठा नवीन टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो, तो उशीर काही फ्रेमचा असतो आणि वर साठ फ्रेमनी सांगितलंय काही फ्रेम म्हणजे काय. टेक्केन ३ साठी माळ्यावरचा जुना डबा टीव्ही मिळाला तर सोनं, त्यात उशीर जवळपास नसतोच.

लाईट जाणार हे धरूनच चाल. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पीएस फोर निघतो, पण मंडपाचा पंखा आणि माळा त्याच लाईनवर टाकू देऊ नकोस. चालू राऊंडमध्ये लाईट गेली तर राऊंड नव्याने, हा नियम आधी माईकवर सांग. जिंकलेल्याने तोच फायटर ठेवायचा, हरलेल्याला बदलायची मुभा, हाही सांग. बंदी कोणावर नको, एडीवर तर नकोच.

प्रवेश फी घेऊ नकोस, पैसे आले की चर्चा वेगळ्या होतात. आम्ही विजेत्याला नारळ आणि खाजा देतो, बास. आणि मंडळातले कोणी मोठे म्हणाले हे काय पोरकट, तर त्यांना सांग की केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिलीय, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ पदकाचा खेळ होता, त्यात आपल्या देशाचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते.

अजून एक जे मला फार वाटतं. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश आला आणि एकाच वर्षात इव्हो जपान आणि लास वेगासची इव्हो दोन्ही टेक्केनमध्ये जिंकून गेला, तोपर्यंत बाहेर कोणाला माहीत नव्हतं की तिथल्या आर्केडमध्ये लोक इतकं खेळतात. मग कोरियाचा नी, जो टेक्केनमधला केवढा मोठा माणूस, तो स्वतः त्यांच्याकडे जाऊन त्यांच्याशी खेळून आला. ते लोक एकमेकांच्या मांडीला मांडी लावून खेळत होते, रोज, त्याच-त्याच माणसांशी, आणि एकाला काही सापडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सापडायचं. आपल्याकडे डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, तशीच वाढली ना, एका बुवाने गजरात काही नवीन घेतलं की समोरच्याला त्याच रात्री उत्तर शोधावं लागतं. आपल्याकडे माणसं आहेत, पडवी आहे, फक्त हरल्यावर कसा हरलो हे एकमेकांना सांगायची सवय लावायला हवी. आमच्याकडे आता सामना झाला की जिंकणारा हरलेल्याला एक गोष्ट सांगतो, सांगितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

---

साठ_फ्रेम

पंच, तो खुर्ची सोडायचा नियम फार आवडला, पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये उद्यापासून सुरू.

आणि एडीवाल्या, बसून २००४ च्या इव्होमधली दाईगो उमेहारा आणि जस्टिन वाँगची मॅच बघ, स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राईकची. दाईगोच्या केनची लाईफ संपल्यात जमा, समोरून चुन-लीची सुपर, पंधरा किका, नुसत्या अडवल्या तरी मरणार. तो प्रत्येक किकेला नेमक्या क्षणी पुढे टॅप करून पॅरी करतो, म्हणजे लाईफ न जाता ती झटकतो, पंधराच्या पंधरा, आणि मग परत मारून जिंकतो. पहिली पॅरी सुपर सुरू व्हायच्या आधीच्या अंदाजावर आहे, त्याला माहीत होतं वाँग आता सोडणार. काका त्या खेर्डीच्या मुलाबद्दल सांगतायत तेच.

---

एडीवाला_मालवण

उशिरा लिहितोय, दुकानात गर्दी होती.

केबल ओढली, वाशांवरून, आजीने वर बघून विचारलं ही वाळवणाची दोरी आत कित्याक बांधलंस. गेम एकदम साफ झाला. काका, दहा मॅच किक न मारता खेळलो, दहाही हरलो, पण सातव्यात एक गोष्ट दिसली, समोरचा मार खाल्ला की प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, उठता-उठता खाली किक मारत होता. म्हणजे मीच. तो मीच होतो, पडवीतला. पुढच्या वेळी मी खाली अडवली आणि एक ठोसा मारला, लागला. मॅच हरलो तरी त्या एका ठोशावर मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. त्यानंतर अकरा मॅचमध्ये चार जिंकल्या, कोणाचं नेट न जाता.

चुलतभावाला काल फोन केला, त्याला म्हटलं माझी लो किक अशी अडव आणि मग हे मार, सगळं सांगून टाकलं. तो दोन मिनिटं गप्पच, मग म्हणाला हे तू मला आधी का नाही सांगितलंस.

स्पर्धा ठरली, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, दोन टीव्ही, बारा नावं आलीत, त्यातली पाच शॅडो फाईटवाली पोरं, त्यांना रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ब्लॉक शिकवतोय. ताई, तुमचा संकासुर तोपर्यंत झाला तर एका लॅपटॉपवर तो पण ठेवू, पोरांना दाखवायचाय.

---

संकासुर_ताई

सुपर मूव्ह नसेल पण ठुमका आणि चार किका असतील. फाईल पाठवते. घुंगरांच्या जागी सध्या माझ्या भाचीच्या पैंजणाचा आवाज आहे, तेवढं चालवून घ्या.